सशाच्या 'स'चा सेला

सातपूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका रविवारी उपासनेला निघताना स्वयंपाक आधी करायचा की परत आल्यावर, हे एकाच गोष्टीवर ठरवत. आज शास्त्रवाचन कुणाचं आहे? जीवनराव त्रिभुवनांचं असेल, तर सगळं आवरून, भाकऱ्या फडक्यात गुंडाळूनच निघायचं. कारण जीवनराव वाचून गप खाली बसणाऱ्यांतले नव्हते. ते वाचत, वाचलेलं समजावून सांगत, समजावलेलं पुन्हा सोपं करत, आणि एवढं करूनही कुणाला अवघड गेलं असेल तर राहायला नको म्हणून एक उदाहरण देत. उदाहरण कारखान्यातलं असे. तोवर पोरांच्या पोटात कावळे ओरडू लागलेले असत.

माणूस वाईट मुळीच नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मंडळीत कुणी आजारी पडलं की रिक्षा घेऊन पहिले हजर तेच. पण त्यांचा जन्म गेला होता तपासणी खात्यात. सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात बावीस वर्षं ते क्वालिटी इन्स्पेक्टर. मशीनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, केसभर चुकला असेल तर लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचा. शिफ्ट संपली की व्हर्नियर खिशात येई आणि तपासणी डोक्यात चालूच राही. बायको मनीषाबाईंच्या पोळीचा काठ, मुलगी रूपालीचं इंग्रजी, पाळकसाहेबांचे जोडाक्षरांचे उच्चार, सगळ्यांना कधी ना कधी लाल टॅग लागलेला होता.

त्यांची एकच इच्छा होती. एकदा तरी वेदीशेजारी उभं राहून, वाचन नव्हे, रीतसर उपदेश करावा. त्यांची आई सखुबाई बायबलबाई होती. म्हणजे मिशनतर्फे घरोघर, दवाखान्यात जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. जीवनराव नऊ वर्षांचे असताना ती गेली. तिचा चेहरा आता त्यांना धड आठवत नसे, आवाज मात्र आठवे. त्या आवाजाला शोभेल असं आपण एकदा बोलावं, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि ते मनात असल्यामुळे ते सारखे बोलत.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात त्यांना विषय सापडला. रूपालीनं त्यांना कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत नेलं होतं, कॉम्प्युटर दाखवायला. आधी त्यांनी स्वतःच्या कारखान्याचं नाव शोधलं. ते सापडलं नाही. मग सहज म्हणून त्यांनी एक शब्द टाकायला सांगितला: सेला.

स्तोत्रं वाचताना हा शब्द भेटतो. ओळ संपते आणि तिच्या शेवटी हा एकटाच उभा असतो. वाक्यात बसत नाही, का आलाय ते सांगत नाही. बऱ्याच मंडळ्यांत तो मोठ्यानं वाचतच नाहीत, नजरेनं ओलांडतात. सातपूरला मात्र तो वाचायची रीत होती, आणि ती रीत पाडली होती गोजराबाईंनी.

गोजराबाई सत्तरीच्या. मूळच्या विंचूरच्या. उभं आयुष्य मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करण्यात गेलं. अक्षरओळख नव्हती, पण चाळीसएक स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ. उपासनेत पहिल्या बाकावर खिडकीशी त्यांची जागा. वाचणारा सेलापाशी पोचला की त्याच्या आधी त्यांचाच आवाज यायचा, "सेला." आणि त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेत, डोळे मिटून क्षणभर बसत. त्यांचं बघून बाकीच्या म्हाताऱ्या तसं करू लागल्या, म्हाताऱ्यांचं बघून सुना. बदली होऊन नव्यानं आलेल्या कुटुंबांतल्या बायकांना वाटे, नाशिककडची पद्धत असेल. त्याही पदर ओढत.

यात गूढ काही नव्हतं. विंचूरच्या बोलीत शाळेची साळा होते, शेळीची सेळी होते आणि शेल्याचा सेला होतो. शास्त्रानं सेला म्हटलं, गोजराबाईंनी तो पांघरला. पण हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

जीवनरावांनी सायबर कॅफेतून अकरा पानं छापून आणली. रूपालीला शेजारी बसवून, डिक्शनरी घेऊन, चार रात्रींचं काम त्यांनी दोन संध्याकाळींत उरकलं. निष्कर्ष असा, की या शब्दाचा नक्की अर्थ जगात कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं, गाणाऱ्यांनी इथं थांबायचं. कुणी म्हणतं, आवाज चढवायचा. कुणी म्हणतं, वाद्यं वाजवायची. कुणी म्हणतं, 'सर्वकाळ'. जीवनरावांना आनंदानं गहिवरून आलं. ज्या शब्दाचा अर्थ कुणालाच माहीत नाही, त्यावर बोलायला किती जागा!

पुढच्या रविवारी वाचन त्यांचंच होतं. शेहेचाळिसावं स्तोत्र. डोंगर हलतात, पाणी गर्जतं, ते. शेजारच्या वर्कशॉपला सुट्टी सोमवारची असल्यामुळे रविवारी तिथला पॉवर प्रेस ठक ठक चालू असायचा, त्यामुळे त्या वर्णनाला आपोआप रंग चढत असे. तीन ओळी झाल्या आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "सेला." गोजराबाईंनी पदर ओढला. मागच्या बायकांचे हात पदराकडे गेले.

जीवनरावांनी हात वर केला. "एक मिनिट."

त्यांचं एक मिनिट किती मिनिटांचं असतं हे मंडळीला ठाऊक होतं. माणसं बाकावर मागे टेकून बसली.

"गोजरामावशी, तुम्ही पदर घेता, भावना चांगली आहे. पण मंडळीत चुकीची पद्धत पडते आहे. पांघरायचा तो शेला. शहामृगाच्या श-चा. हा सेला सशाच्या स-चा. हा इब्री, म्हणजे हिब्रू शब्द आहे. पांघरण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही."

"सशात दोन्ही आहेत," रूपाली आईच्या कानात म्हणाली. कानात म्हणाली, पण वर्कशॉपचा प्रेस नेमका त्याच वेळी थांबला होता.

पुढचे दोन बाक हसले. ते का हसले हे न कळून मागचे चार बाक हसले. गोजराबाईही हसल्या, सगळे हसताहेत म्हणून. मग त्यांनी पदर खांद्यावरून खाली घेतला, त्याचं टोक मांडीवर ठेवलं आणि हातानं सपाट केलं. त्या स्तोत्रात सेला आणखी दोनदा येतो. दोन्ही वेळा पहिल्या बाकावरून आवाज आला नाही.

घरी जाताना मनीषाबाई स्कूटरवर मागून म्हणाल्या, "मावशींना लाल टॅग लावलात."

"समजावून सांगितलं."

"टॅगवरसुद्धा कारण लिहिलेलंच असतं."

जीवनरावांनी यावर उत्तर दिलं, ते घर येईपर्यंत पुरलं.

पुढच्या रविवारी खिडकीपाशी कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. वास्तविक गोजराबाईंची खोली उपासनेच्या हॉलच्या मागच्याच गल्लीत, चालत दोन मिनिटं. नाताळचा फराळ दरवर्षी त्यांच्या देखरेखीखाली तळला जाई. यंदा त्या आल्या नाहीत, आणि मंडळीच्या करंज्या तेलात उघडल्या. अशी तोंडं वासून पडलेल्या करंज्या वाटताना प्रत्येक बाई एकदा जीवनरावांकडे बघून घेई. नाताळच्या उपासनेलाही पहिला बाक मोकळाच राहिला.

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड ललित मकासरे, वयानं तरुण आणि बोलायला अगदी मऊ होते. उपदेशाची परवानगी त्यांनी जीवनरावांना नोव्हेंबरातच दिली होती. तीस डिसेंबर, वर्षाचा शेवटचा रविवार. विषय: सेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जीवनरावांना बोलावून घेतलं.

"तयारी झाली?"

"अकरा पानं."

"पहिला बाक रिकामा ठेवून कसं करणार, जीवनराव? विषय त्यांचा आहे."

"मी दोनदा जाऊन आलोय, साहेब."

गेले होते, हे खरं. पहिल्या वेळी ती अकरा पानं घेऊन गेले. गोजराबाईंच्या खोलीत खाटेवर बसून त्यांनी इब्री लोकांची वाद्यं, गायकांचे ताफे, मंदिरातली व्यवस्था असं पाऊण तास सविस्तर सांगितलं. गोजराबाईंनी चहा केला आणि प्रत्येक पानाला "बरं" म्हटलं. घरी आल्यावर मनीषाबाईंनी विचारलं, "माफी मागितलीत?"

"सगळं नीट समजावून सांगितलं."

"माफी?"

"ओघात राहिली."

दुसऱ्या वेळी ते मेन रोडवरून नवाकोरा शेला घेऊन गेले, जरीकाठाचा. दारात उभं राहूनच त्यांनी तो पुढे केला आणि तोंडातून निघून गेलं, "बघ मावशी, हा शेला. श-चा." गोजराबाईंनी घडीसुद्धा मोडली नाही. "माझ्याकडं हाय एक," म्हणाल्या, "ह्यो पोरीच्या लग्नाला ठिव." तो शेला कपाटात गेला, आणि मनीषाबाई तीन दिवस मोजकंच बोलल्या.

मोजकं म्हणजे एकच शब्द. अकरा पानांतला 'थांबा' हा अर्थ मायलेकींना भारी पसंत पडला होता. जीवनराव जेवताना मिठाच्या प्रमाणावर बोलू लागले की रूपाली ताटावरून मान वर न करता म्हणे, "सेला." वर्तमानपत्रातली शुद्धलेखनाची चूक दाखवू लागले की स्वयंपाकघरातून आवाज येई, "सेला!" जीवनराव दुखावून सांगत की पवित्र शब्दाची अशी थट्टा बरी नव्हे, आणि का बरी नव्हे याची तीन कारणं आहेत. तिसऱ्या कारणापर्यंत त्यांना कधीच जाता आलं नाही.

गुरुवारी बातमी आली. गोजराबाई नाशिक सोडणार. भाचा मल्हारी रविवारी सकाळी विंचूरहून टेंपो घेऊन येणार, सामान भरणार आणि त्यांना कायमचं घेऊन जाणार. वय झालं, एकटीनं किती दिवस काढायचे, वगैरे कारणं सगळ्यांनी एकमेकांना सांगितली. खरं कारण कुणी उच्चारलं नाही.

जीवनराव त्या दिवशी जेवले नाहीत. आई गेल्यावर बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात एका पाटावर बसवून ज्या बाईनं त्यांना रोज दोन वेळा वाढलं, मॅट्रिकपर्यंत वाढलं, ती बाई आपल्या तोंडच्या एका वाक्यामुळे गाव सोडते आहे. हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच त्यांना समजावून सांगायची आणखी घाई झाली होती.

"आता मी सांगते तसं करा," मनीषाबाई म्हणाल्या. "जा. 'मावशी, चुकलो' एवढंच म्हणा. मग सेला."

"आणि मग?"

"मग काही नाही. सेला म्हणजे काय ते अकरा पानं वाचून तुम्हालाच कळलेलं नाही."

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर जीवनराव गल्लीत गेले. गोजराबाई दारात उन्हाला बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. आत पोती बांधलेली, भांडी उतरवलेली.

"मावशी," जीवनराव म्हणाले, "चुकलो."

आणि गप्प बसले.

उंबऱ्यावर गप्प बसलेला जीवनराव त्रिभुवन ही गोष्ट गल्लीनं आजवर पाहिलेली नव्हती. समोरची बाई कपडे वाळत घालायची थांबली. पहिल्या मिनिटात जीवनरावांनी मांडणीवरची ताटं मोजली, ती सात होती. दुसऱ्या मिनिटात दाराची चौकट कोपऱ्यात दोन मिलिमीटर सुटलेली त्यांना दिसली. हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला, त्यांनी तो मागं घेतला. 'चुकलो' म्हणजे नक्की कुठल्या अर्थानं चुकलो, हे स्पष्ट करायला हवं असं त्यांना फार फार वाटत होतं. ओठ हलले. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

गोजराबाईंनी सुपातून एक खडा काढून बाहेर टाकला. "घसा बसला का?"

जीवनरावांनी मान हलवली.

"मंग बोलत का नाय?"

पुन्हा मान हलली. गोजराबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. सूप दोनदा पाखडून झालं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"हितं ऐकू येतं सगळं. तुमचा माईक. मी रईवारी दारातच बसते. तू वाचतो, मंग त्यो सबुद येतो. हात जातो बघ पदराकडं. मंग मी म्हनते, गोजरे, थांब. ह्यो तुझा न्हवं. पन्नास वर्सं चुकीचं पांघरलं."

जीवनरावांना उंबऱ्याखाली जावंसं वाटलं.

"त्याचं बी काय नाय. आडानी बाई, चुकते. पन त्या दिशी तू मला 'तुम्ही' म्हनला, जीवन. सगळ्या मंडळीदेखत. ताटात वाढलं तवापासून तू मला कधी 'तुम्ही' म्हनला न्हवता."

शब्दांची इतकी तपासणी केली, आणि हा शब्द आपल्या हातून कसा सुटला, हे जीवनरावांना कळेना. त्यांना बोलायचं होतं. पण आता ते मनीषाबाईंच्या सांगण्यावरून गप्प नव्हते. त्यांच्याकडे शब्दच नव्हता.

"तुझी आई दवाखान्यात यायची वाचाया," गोजराबाई सांगू लागल्या. सूप त्यांनी खाली ठेवलं. "मी वीस वर्सांची असंन. मेलेलं लेकरू झालं व्हतं. मालकानं दवाखान्यात सोडलं आनि त्यो परत आलाच नाय. पूस म्हैना. अंगावर चादर, ती बी दवाखान्याची. सखुबाई आली, खुर्ची वढली, वाचाया लागली. मला काय कळंना. डोंगार काय, पानी काय. दात वाजत व्हते माझे. वाचता वाचता ती एकदम म्हनली, सेला. आनि थांबली. वर बघितलं माझ्याकडं. अंगावर शेला व्हता तिच्या, जाड, सुती. त्यो तिनं काढला, माझ्या अंगावर घातला, हितून असा खोचला, आनि बसली पुन्यांदा वाचाया. बोलली काय नाय. दुसऱ्या दिशी आली, तसंच. सेला म्हनली की थांबायची, घसरलेला असला तर वर वढायची, माझ्या तोंडाकडं बघायची, मंग म्होरं. मला वाटलं, पुस्तकातच तसं लिवलंय."

कपडे वाळत घालणारी बाई समोर तशीच उभी होती. जीवनरावांनी मोठ्या मुश्किलीनं आवाज काढला. "मग... अर्थ काय सांगितला आईनं? त्या शब्दाचा?"

"आरं, अर्थ कोन इचारतं?" गोजराबाई म्हणाल्या. "मला थंडी वाजत व्हती."

त्या उठल्या, आत गेल्या, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात घडी होती. मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला शेला. काठ निळा, एका बाजूनं कसरीनं खाल्लेला.

"तू झाला तवा मी ह्यो परत न्हेला व्हता. तुला ह्याच्यातच गुंडाळला. सा म्हैन्यांनी तिनं मला धाडून दिला, म्हनली गोजराचा हाय. आता तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. विंचूरला उंदरं लय."

जीवनरावांनी शेला हातात घेतला. बावीस वर्षांच्या सवयीनं बोटं काठावरून फिरली. विरलेला, सहा ठिकाणी भोकं, कारखान्यात पहिल्या नजरेत बाद झाला असता. त्यांना आईचा आवाज कायम आठवत आला होता. ती मध्येच थांबत असे, हे त्यांना कधीच आठवलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून, पन्नाशीला टेकलेले जीवनराव लहान मुलासारखे रडले.

गोजराबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "झाला का सेला? आता च्या ठिवते."

निघताना जीवनरावांनी एकच विचारलं, "रविवारी येशील?"

"मल्हारी येनार हाय ना टेंपो घिऊन. बघू."

रविवारी उपासना सुरू झाली तेव्हा पहिला बाक रिकामा होता. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. जीवनराव अकरा पानं घेऊन पुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर टेंपो येऊन थांबत होता. मागे पोती, खाट, पत्र्याची पेटी. केबिनमधून गोजराबाई उतरल्या, मल्हारीला हातानं "थांब" अशी खूण केली, आत आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. पदर खांद्यावर होता, तसाच. हात मांडीवर.

जीवनरावांनी वाचायला सुरुवात केली. शेहेचाळिसावंच. तीन ओळी झाल्या.

"सेला," ते म्हणाले, आणि थांबले.

पहिल्या बाकावरून आवाज आला नाही. मागे कुणाचाही हात पदराकडे गेला नाही. महिनाभरात बायका शिकल्या होत्या. जीवनराव पुढची ओळ वाचेनात. शेजारी प्रेस ठक ठक वाजत होता. मंडळीला वाटलं, ओळ हरवली. पाळकसाहेबांनी मान वर केली. मनीषाबाईंनी रूपालीचा हात घट्ट धरला. जीवनराव गोजराबाईंकडे बघत उभे होते आणि वाट बघत होते. न बोलता इतका वेळ ते आयुष्यात माणसांसमोर उभे राहिले नव्हते. कान लाल झाले होते.

गोजराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा आवाज आला, थोडा चिरका, पण मोठा.

"सेला."

आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मागून साड्यांची सळसळ झाली, पार शेवटच्या बाकापर्यंत. रूपालीनं ओढणी घेतली.

स्तोत्र संपल्यावर उपदेश झाला. तो असा.

"या शब्दाचा अर्थ मी अकरा पानं शोधला. नक्की कुणाला माहीत नाही. माझ्या आईला माहीत होता. ती तिथं थांबायची आणि समोरच्या माणसाकडे बघायची. गोजरामावशीला माहीत आहे. मी त्या दिवशी मावशीला सगळ्यांसमोर चूक ठरवलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी होती. मावशी, तू पांघरत होतीस तेच बरोबर." त्यांनी पानांची घडी केली. "एवढंच."

आणि खाली बसले. इतक्या लवकर उठावं लागेल असं पाळकसाहेबांना वाटलं नव्हतं, म्हणून त्यांची थोडी धांदल झाली. त्या रविवारी सातपुरात फडक्यातल्या भाकऱ्या गरम सापडल्या.

उपासना सुटल्यावर सगळी मंडळी टेंपोभोवती जमली. मल्हारीला उशीर होत होता. सकाळचा गारठा अजून उतरला नव्हता, आणि गोजराबाई बसल्या त्या बाजूची काच वर चढत नव्हती. रूपालीनं पाण्याची बाटली दिली. बायकांनी करंज्यांचा डबा दिला, तो उघडून बघत गोजराबाई म्हणाल्या, "पीठ सैल भिजवलं तुम्ही," आणि सगळ्या हसल्या.

जीवनराव केबिनच्या दाराशी आले. सगळे जरा मागे सरले. आता निरोपाचं भाषण होणार, मल्हारी इंजिन बंद करायला वाकलासुद्धा. जीवनरावांनी हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून निळ्या काठाचा शेला काढला. झटकला. आत वाकून गोजराबाईंच्या दोन्ही खांद्यांवरून तो घातला, उजवीकडून नीट खोचला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

गोजराबाईंनी काठावर हात ठेवला फक्त.

मल्हारीनं वाट बघितली, मग स्टिअरिंगवरून वाकून विचारलं, "भाऊ, काय सांगायचं राह्यलं का?"

"नाही रे," मनीषाबाई म्हणाल्या. "आज त्यांचं सगळं सांगून झालं."